धाकट्या जावयाचे बेडूक

साडूबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माणूस चांगला आहे, आणि नेमकं तेच मला सहन होत नाही. तो लिफ्ट दुरुस्तीचा इंजिनिअर आहे. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण त्याची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. म्हणून तो 'थोरले जावई' आणि मी, अर्धं टक्कल पडलेला पन्नाशीचा गृहस्थ, 'धाकटे'. या अन्यायाची दाद कुठं मागायची ते मला अजून कळलेलं नाही. खरं म्हणजे मलाच कळायला हवं, कारण पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवून घेणं हेच माझं काम आहे.

मूळ दुखणं सासऱ्यांपाशी आहे. सासऱ्यांनी चौतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. सगळं जग त्यांना सर म्हणतं, म्हणून आम्ही दोघं जावईही सरच म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते दोन खोल्यांत एकटेच राहतात. दर रविवारी ते थोरल्यांकडे जातात. थोरल्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर फिश टँक आहे. सर त्याच्यासमोर खुर्ची टाकून दोन-दोन तास बसतात. आमच्याकडे ते बुधवारी येतात, चहा घेतात, आणि चहा गरम असेपर्यंत थोरल्यांविषयी बोलतात. "थोरल्यांनी टँकला नवा दिवा बसवला, धाकटे. स्वतःच्या हातानं! काय डोकं आहे त्यांचं!" मी बिस्किटांची बशी पुढं करतो. "बिस्किटं छान आहेत. थोरल्यांकडे परवा होती तीच का ही?"

तीच असतात. बायको मुद्दाम वेगळी आणायला सांगते आणि मी दुकानात गेलो की नेमकी तीच उचलतो.

अशातच डॉक्टरांनी सांगितलं की सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय, आता त्यांनी एकट्यानं राहू नये. तेव्हा ते कायमचे थोरल्यांकडे जाणार हे सगळ्यांनी न बोलता धरूनच टाकलं. आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे, खिडकीही पूर्वेला आहे, पण त्या खोलीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. बायकोनं मात्र त्या खोलीतल्या कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून पुसून ठेवले, आणि मी विचारल्यावर "झुरळं झाली होती" म्हणाली. आमच्याकडे झुरळं नाहीत.

त्या शनिवारी मी फिश टँकच्या दुकानात गेलो.

"माझ्या साडूकडे नसेल असं काहीतरी दाखवा," मी दुकानदाराला म्हणालो आणि साडूचं वर्णन केलं. दुकानदाराचा चेहरा खुलला.

"ते होय? मोठा दर्दी माणूस! त्यांच्याकडे नाही असं म्हणजे…" तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. इथंही माझ्या आधी तोच पोचलेला होता. शेवटी दुकानदार मला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं एका टबाच्या तळाशी दोन वाळकी पानं पडली होती.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"तीच आहेत ती."

मी वाकून पाहिलं. पानांना डोळे होते, मोहरीएवढे. डोकं तिकोनी, अंग इस्त्रीखाली सापडल्यासारखं चपटं, रंग भिजलेल्या पुठ्ठ्याचा. पुढच्या पायांच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला एकेक चिमुकली चांदणी होती. दूरच्या उष्ण प्रदेशातले, कायम पाण्यातच राहणारे बेडूक आहेत म्हणे. मादी मोठी, नर लहान. दोघांनाही जीभ नाही.

"जीभ नाही? मग खातात कसे?"

"गपकन तोंड उघडतात. पाणी आत, पाण्याबरोबर गांडूळ आत. साहेब, खरं सांगतो, हे शोभेचं काम नाही. अभ्यासाचं आहे."

अभ्यास हा शब्द ऐकल्याबरोबर मला सरांची खुर्ची आमच्या भिंतीसमोर दिसायला लागली. मी दोन्ही पानं घेतली, आणि त्यांच्यासाठी एक टँकही.

घरी बायकोनं टँकमध्ये डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत टँकमध्ये. कोण जास्त बिघडलेलं आहे याचा अंदाज घेत असावी. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ती एवढंच म्हणाली, "ताईकडे नाहीत ना असले?"

"नाहीत."

"मग राहू देत."

घरात मत्सर करणारा मी एकटाच नाही हे मला लग्नाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. संसारात अशी एखादी गोष्ट उशिरा कळली तरी माणसाला बरं वाटतं.

शेजाऱ्यांचं बघणं सुरू झालं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त पोस्टमास्तर आहेत. ते टँकसमोर पाऊण तास उभे राहिले आणि म्हणाले, "हलत नाहीत. माझ्या हाताखाली असे दोघे होते. एकाला तर बढतीसुद्धा मिळाली." समोरच्या दारातले कंपाउंडर म्हणाले, मेलेले आहेत, दुकानदारानं फसवलंय, पावती दाखवा. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई म्हणाल्या की मेलेले नाहीत, रुसलेत, जागा बदलली की असं होतं, त्यांच्या नणंदेचंही झालं होतं. बाईंच्या गॅलरीत कुंड्या आहेत आणि कुंड्यांत गांडुळं. बायकोनं त्यांच्याशी बोलून गांडुळांचा रतीब लावून घेतला. बदल्यात बाईंनी बेडकांना केव्हाही येऊन सल्ला द्यायचा असं ठरलं.

बुधवारी सर आले. मी दिवा लावला, खुर्ची मांडली. सरांनी चष्मा पुसून काचेला नाक लावलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते दोन बेडूक काय दिसणार!

"छान," सर म्हणाले. "तळाशी पानं टाकलीत, चांगलं केलंत. मासे केव्हा येणार?"

यावर मी "सर, तेच आहेत ते" म्हणायला हवं होतं. पण माझं मन इतकं दुखावलं होतं की मी मुकाट्यानं बिस्किटं पुढं केली. थोरल्यांनी टँकमध्ये नव्या वनस्पती लावल्या होत्या. त्यांची हकिकत चहा संपल्यावरही चालली.

त्यानंतर आवाज सुरू झाला. भर दुपारी, धातूवर धातू आपटावा तसा. टिक्. टिक्-टिक्. जरा थांबून परत टिक्. सेक्रेटरींनी भिंतीला कान लावून निर्णय दिला की हा विजेचा दोष आहे आणि इमारतीला धोका आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावण्यात आलं. त्यानं आमचा स्विचबोर्ड उघडला, मग कंपाउंडरांचा, मग जिन्यातला. सगळ्या इमारतीची वीज चार तास बंद होती. पंखे बंद पडल्यावर आवाज जास्तच स्पष्ट येऊ लागला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तो नर आहे. तिला हाका मारतोय. मी दहा दिवस ऐकतेय."

"मग आधी का नाही बोललात, वहिनी?" सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले.

"मला कुणी विचारलं का?"

आता प्रकरण विजेकडून प्राण्यांकडे वर्ग झालं. सेक्रेटरींनी तिथल्या तिथं विचारलं, "म्हणजे तुम्ही आवाज करणारा प्राणी पाळलाय? परवानगी?" सोसायटीच्या नियमांत मासे चालतात, बाकी प्राण्याला जनावरांच्या दवाखान्याचा दाखला लागतो. मी अर्धी रजा टाकून दोन्ही बेडूक झाकणाच्या डब्यात घालून दवाखान्यात गेलो. माझ्यापुढं एक बकरी होती आणि मागं एक कुत्रा. दोघांनीही माझ्या डब्याकडे तुच्छतेनं पाहिलं.

खिडकीतला कारकून माझ्याच जातीचा निघाला, म्हणजे कागद हातात आल्याशिवाय मान वर न करणारा.

"गुरं, शेळी, कुत्रा, मांजर, पक्षी. यातलं काय?"

"बेडूक."

"बेडूक रकान्यात नाही."

"इतर असं लिहा."

"इतर गेल्या वर्षीपासून बंद आहे. मासा लिहू का?"

"मासा चालत असता तर मी आलोच नसतो."

कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. एका कारकुनानं दुसऱ्याला ओळखलं. "मग पक्षी लिहितो," तो हळू आवाजात म्हणाला. "पक्षी वर कुणी तपासत नाही." दहा मिनिटांत मला शिक्क्यासकट दाखला मिळाला. 'पक्षी (पाण्यातला), नग दोन. प्रकृती उत्तम. पंख आढळले नाहीत.' सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला, फाइलला लावला आणि त्यांचं समाधान झालं. तेव्हापासून ते मला जिन्यात भेटले की "पक्षी काय म्हणतात?" असं विचारत.

मग एका रविवारी सकाळी नरानं मादीला कमरेपाशी घट्ट मिठी मारली आणि काही केल्या सोडेना. दुपार झाली तरी सोडेना. मला हा सरळसरळ अत्याचार वाटला. मी स्वयंपाकघरातली मोठी गाळणी घेऊन त्याला सोडवायला निघालो, तर बायकोनं माझा हात धरला.

"तुम्ही मधे पडू नका. तिला नको असतं तर तिनं केव्हाच झटकला असता. दुप्पट आहे ती त्याच्या."

आमच्या डोळ्यांदेखत त्या जोडीनं पाण्यात वर येऊन सावकाश कोलांटी घेतली. मग आणखी एक. प्रत्येक कोलांटीत पिवळसर मण्यांसारखी अंडी सुटत आणि नर ती पोटानं तिच्या पाठीवर चेपून बसवी. दोन दिवसांत पाठीची कातडी फुगून वर आली आणि अंडी तिच्यात रुतून बसली. सगळ्या पाठीवर मधाच्या पोळ्याला असतात तशी घरं झाली. कंपाउंडरांनी लांबूनच निदान केलं की हा त्वचारोग आहे, आणि एक पिवळं मलम आणून दिलं. मी टोपण उघडलंच होतं. बायको म्हणाली, आधी बाबांना विचारू. तिनं फोन लावला आणि पाठ कशी दिसते ते सांगितलं.

"बाबा? ऐकताय ना?"

"हात लावू नका," सर म्हणाले. "कुणीही हात लावू नका. मी निघालो."

ते आले तेव्हा त्यांच्या एका पायात घरातली चप्पल होती आणि दुसऱ्या पायात बाहेरची. ते खुर्चीवर बसलेच नाहीत. काचेला कपाळ टेकून उभे राहिले.

"पिपा," ते म्हणाले. "ही पिपा आहे, धाकटे. चौतीस वर्षं मी हिची आकृती फळ्यावर काढली. आधी चपटं अंग, मग पाठीवरची घरं, मग घरातून डोकावणारी पिल्लं. इतर बेडकांसारखी शेपटीची पिल्लं नाहीत हो, आयती चार पायांची, पुरती झालेली बेडकंच. आईची पाठ फोडून बाहेर येतात. दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, सर, तुम्ही बघितलंय? आणि दर वर्षी मी सांगायचो, नाही." मग त्यांनी डोळे चोळले. "आणि आता दारात आलीय तर मला नुसता तपकिरी डाग दिसतोय."

"किती दिवस लागतात, सर?"

"तीन महिने. साडेतीन. तोवर ऑपरेशन होईल." ते माझ्याकडे वळले. सरांनी माझ्याकडे इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं, आणि नेमकं आता त्यांना दिसत नव्हतं. "हिला जगवा, धाकटे. पिल्लं निघताना मला इथं बसू द्या. कुठं राहायचं ते मग बघू."

कुठं राहायचं ते मग बघू! बायको आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. ती घासलेलीच होती.

आता माझ्या आयुष्याला दिशा मिळाली. बेडकी जगली पाहिजे, आणि साडूचा तिला वारा लागता कामा नये. पण ताईकडून त्याला कळायचं ते कळलंच. तो पुढच्याच आठवड्यात येऊन टँकसमोर उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर हेव्याची एक तरी रेघ उमटते का ते मी बारकाईनं पाहत होतो. नाही उमटली. निव्वळ आनंद! असल्या माणसाशी माणसानं लढायचं तरी कसं?

"पाण्याला जपा," तो म्हणाला. "नळाचं पाणी थेट घालू नका. दोन दिवस उघडं ठेवून मग घाला. क्लोरीन यांना सोसत नाही, कातडीतून आत जातं. माझ्याकडे एक जादा पिंप आहे, आणून देऊ?"

"मी पाणीपुरवठ्यातच आहे," मी म्हणालो.

"हो, खरंच की," तो म्हणाला आणि चक्क ओशाळला.

तो गेल्यावर मी घरातल्या सगळ्या बादल्या भरून उघड्या ठेवल्या. पण पिंप घेतलं नाही. तीन महिने आम्ही बादल्यांवरून उड्या मारत आंघोळीला जात होतो. मध्यंतरी सरांचं ऑपरेशन झालं. ते थोरल्यांकडेच राहिले आणि थोरल्यांनी दिवसातून चार वेळा न चुकता डोळ्यांत थेंब घातले. हे सरांनीच मला फोनवर सांगितलं. "किती हलका हात आहे त्यांचा!" ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि बेडकीला एक गांडूळ जास्त घातलं.

इकडे पाठीवरची घरं फुगत चालली. तिसरा महिना सरता सरता एखाद्या घराचं झाकण आतून कुणीतरी ढोसल्यासारखं हलायचं. बायको रोज सकाळी मोजायची आणि रोज वेगळा आकडा यायचा.

आणि मग माझ्या हातून जे झालं ते माझ्याच हातून होऊ शकत होतं. आमच्या कार्यालयानं मुख्य जलवाहिनी धुवायला घेतली. एक दिवस पाणी बंद, आणि पुढचे आठ दिवस नेहमीपेक्षा जास्त क्लोरीन. त्याची जाहीर सूचना मी स्वतः लिहिली, माझ्या अक्षरात. 'नागरिकांनी नोंद घ्यावी.' मी सोडून सगळ्या नागरिकांनी नोंद घेतली. बंदच्या दिवशी आमच्या बादल्या घरच्या वापरातच संपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला, टँकमधलं पाणी खाली गेलेलं दिसलं, आणि कामावर जायच्या घाईत मी दोन बादल्या थेट नळाखाली भरून आत ओतल्या. वर बायकोला म्हणालो, "बघ, किती स्वच्छ पाणी आहे आज!"

कार्यालयात पोचलो तर फोन वाजतच होता. पाण्याला वास येतो. पाण्याला फार वास येतो. वासानं डोळे चुरचुरतात. मी अकरा तक्रारी लिहिल्या आणि बाराव्याला रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. मोबाइल साहेबांच्या नव्या हुकुमाप्रमाणे कपाटात होता. वासाच्या तक्रारी लिहिताना माझ्या डोक्यात सकाळच्या दोन बादल्या एकदाही आल्या नाहीत. तक्रार ही दुसऱ्याच्या घरची असते अशी कामावर आपली समजूतच होऊन बसते.

साडेअकराला शिलाईवाल्या बाई दारात उभ्या, गळ्यात मोजमापाची टेप तशीच.

"इथं काय बसलात? तुमची बायको तासभर फोन करतेय. सारखा बिझी! बेडकी पाण्यावर उलटीपालटी होतेय, पिल्लं निघायला लागलीत!"

मी साहेबांकडे रजेचा अर्ज नेला. साहेबांनी वाचला. "'घरी अचानक प्रसूती.' अभिनंदन. पण रकाना भरा. बाळंतिणीशी नातं?"

मी विचार केला. खरं लिहावं तर रजा नाही, खोटं लिहावं तर बायकोची बेअब्रू. मी 'आश्रित' असं लिहिलं आणि सही व्हायच्या आत पळालो.

घराचं दार उघडंच होतं. आत जमीन ओली होती, आणि माझ्या टँकसमोर, माझ्या स्टुलावर, साडू बसला होता. शर्टाच्या दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या. शेजारी दोन रिकामी पिंपं. आणि सरांसाठी चार महिने मांडून ठेवलेल्या खुर्चीत सर, डोळ्यांवर नवा चष्मा, काचेपासून चार बोटांवर.

बायकोनं मला बाजूला घेऊन भराभर सांगितलं. माझा फोन लागेना तेव्हा तिनं भावजींना केला. ते कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अर्धी उघडी टाकून निघाले. घरी जाऊन स्वतःच्या टँकमधलं मुरलेलं पाणी पिंपं भरभरून काढलं, बाबांना गाडीत घातलं आणि आले. बेडकीला त्या पाण्यात सोडल्यावर ती निवळली. "त्यांचे मासे आता वीतभर पाण्यात आहेत," बायको म्हणाली. "ताई फोनवर रडत होती."

माझ्या पोटात काय झालं ते मी लपवणार नाही. बेडकी वाचली म्हणून आनंद झाला. पण ती त्यानं वाचवली म्हणून जो जळफळाट झाला, तो आनंदाच्या दुप्पट होता. तीन महिने मी बादल्या ओलांडल्या, मी बेडकांना पक्षी केलं, आणि पहिलं पिल्लू बघितलं कुणी? यानं!

"धाकटे आले का?" सर मान न वळवता म्हणाले. "इकडे या. जवळ या. ते बघा, डाव्या खांद्यापाशी."

साडू लगेच स्टुलावरून उठला आणि मला जागा दिली. मी बसलो. मादीच्या पाठीवरचं एक झाकण उचललं गेलं. आतून एक हात बाहेर आला, भाताच्या शितापेक्षा बारीक, टोकाला चांदण्या. मग डोकं. मग पाठीनं जरा अंग चोरल्यासारखं केलं आणि एक पूर्ण, चपटा, नखाएवढा बेडूक सुटून वर पोहत गेला, पहिला श्वास घ्यायला. मागोमाग आणखी एक. सर काही शिकवत नव्हते. त्यांचे ओठ नुसते हलत होते, आणि नव्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हे चालतं का, ते विचारायचं कुणालाही सुचलं नाही. मी किती वेळ तिथं बसलो होतो कुणास ठाऊक. तेवढा वेळ मला साडूची आठवणसुद्धा झाली नाही.

दुपार कलल्यावर सर म्हणाले, "अजून निम्मी घरं भरलेली आहेत. आठवडा जाईल. मी इथंच राहतो." मग थोडं थांबून, "पुढंही इथंच राहीन म्हणतो. तुमची हरकत नसेल तर." मी हो म्हणायच्या आधीच बायकोनं मागच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मी जिंकलो होतो. रिकामी पिंपं उचलायला मी साडूबरोबर खाली गेलो. जिंकणाऱ्यानं एवढी उदारता दाखवायला हरकत नसते. गाडीच्या डिकीत पिंपं ठेवून झाली तरी तो निघेना. ओली बाही पिळत राहिला.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं ते तुमच्याकडे राहणार."

"काहीतरीच काय!"

"नाही, खरंच. आठ वर्षं दर रविवारी येतात ना, तर टँकसमोर बसून तुमच्याविषयी बोलतात. धाकटे किती समजूतदार, धाकट्यांचं अक्षर किती सुंदर, धाकटे माझं सगळं ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. मी दिवा लावला, झाडं लावली. म्हटलं, माशांकडे बघताना तरी गप्प बसतील. दोनदा टँक मोठा केला, राव. सगळी भिंत संपली." तो हसला, पण त्याला हसू येत नव्हतं. "आज पाणी काढताना वाटलं, जाऊ दे, आता तेवढ्या पाण्याची गरजच काय."

बुधवारचे सगळे चहा माझ्या डोळ्यांपुढून गेले. सर आमच्याकडे कुणाविषयी बोलतात ते याला माहीत नव्हतं. ते माहीत असलेला माणूस, बायको सोडली तर, जगात मी एकटाच होतो, आणि ते सांगायची माझ्यावर कसलीही सक्ती नव्हती. मी "सावकाश जा" म्हणालो आणि जिना चढायला लागलो. चार पायऱ्या चढलो. पाचवी काही चढवेना. परत खाली आलो, तो गाडी सुरू करत होता, मी काचेवर टकटक केलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दिवा, झाडं, हलका हात, काय डोकं आहे, आठ वर्षं, दर बुधवार, चहा गार होईपर्यंत.

"माझ्याविषयी?" तो म्हणाला. "सर? तुमच्याकडे?"

आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की सांगितल्याचा मला तिथल्या तिथं पश्चात्ताप झाला.